न आकारलेल्या शुल्काचा हिशेब : सीमाशुल्काचे लेखापरीक्षण

सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण आणि सरकारी महसुलाचे लेखापरीक्षण ही दोन्ही कामे वरकरणी एकाच जातीची वाटत असली, तरी त्यांच्यात एक मूलभूत फरक आहे. खर्च झाला की देयक, मंजुरीचा आदेश आणि पावती मागे राहतात आणि लेखापरीक्षकाला त्यांच्या आधारे पैशाचा माग काढता येतो. महसुलाच्या बाबतीत मात्र जे शुल्क आकारायला हवे होते पण आकारले गेले नाही, ते जमाखर्चात कोठेच दिसत नाही, कारण न मागितलेल्या पैशाची नोंद कोणत्याच वहीत होत नसते. सीमाशुल्क कार्यालयाने दाखवलेली जमा आणि बँकेत भरलेली रक्कम पैपर्यंत जुळली, म्हणजे रोकड कोणी खाल्लेली नाही एवढेच सिद्ध होते. परदेशातून आलेल्या मालावर कायद्याने देय असलेले पूर्ण शुल्क सरकारला मिळाले की नाही, हा प्रश्न त्या जुळणीने सुटत नाही. म्हणून सीमाशुल्काच्या लेखापरीक्षणात हिशेबाची तपासणी आणि आकारणीची तपासणी अशी दोन वेगळी कामे येतात, आणि त्यांतले दुसरे काम पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड आणि म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे.

वसूल करणारा आणि तपासणारा वेगळा असावा, ही जाणीव भारतीय राज्यव्यवहारात फार जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या ‘अध्यक्षप्रचार’ या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वेशीजवळच्या शुल्कशाळेत चार-पाच लेखनिकांनी व्यापारी कोण, कोठून आला, त्याच्याजवळ माल किती आणि त्या मालावर मुद्रा कोठे उमटवली आहे हे लिहून घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. त्याच अधिकरणात अक्षपटलाचे, म्हणजे हिशेब-दप्तराचे, प्रकरण निराळे आहे आणि त्यापुढे अधिकाऱ्यांनी राजद्रव्य हडपण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवले आहेत. मराठेशाहीत मामलतदार किंवा कमाविसदार यांच्याबरोबर मुजुमदार, फडणीस, दप्तरदार असे दरकदार असत. ते मामलतदाराच्या हाताखाली काम करीत असले तरी त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलतदाराला नसे, त्यामुळे हिशेबावर त्यांची नजर राहणे हाच त्याच्यावरचा अंकुश ठरे. या दरकदारांना आजच्या लेखापरीक्षकांचे थेट पूर्वज म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु ज्याची तपासणी करायची त्याच्या मर्जीवर तपासनिसाची जागा अवलंबून नसावी, हे तत्त्व त्या व्यवस्थेत स्पष्ट दिसते.

आजची व्यवस्था अर्थातच ब्रिटिश अमदानीतून आली. १८५८ मध्ये महालेखापालाचे पद निर्माण झाले आणि १८६० मध्ये सर एडवर्ड ड्रमंड हे पहिले महालेखापरीक्षक झाले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने अनुच्छेद १४८ ते १५१ यांमध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण केले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या रीतीने दूर करता येते त्याच रीतीने या पदावरील व्यक्तीला दूर करता येईल असे संरक्षण दिले. संविधान सभेत या तरतुदींवर बोलताना मे १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अधिकारी बहुधा राज्यघटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे मत मांडले होते आणि त्याला पुरेसे स्वातंत्र्य दिले गेलेले नाही अशी खंतही व्यक्त केली होती.

या अधिकाऱ्याची कर्तव्ये १९७१ च्या अधिनियमात नमूद आहेत आणि महसुलाच्या दृष्टीने त्यातले कलम १६ हे कळीचे आहे. भारताच्या एकत्रित निधीत जमा होणाऱ्या सर्व रकमांची तपासणी करणे एवढेच त्या कलमात सांगितलेले नाही; महसुलाची आकारणी, वसुली आणि योग्य वाटप यांवर परिणामकारक नियंत्रण राहील असे नियम व कार्यपद्धती आखलेल्या आहेत काय आणि त्या प्रत्यक्ष पाळल्या जातात काय, याविषयी महालेखापरीक्षकाने स्वतःचे समाधान करून घ्यावे, असे ते कलम म्हणते. या शब्दयोजनेत दोन गोष्टी अंतर्भूत आहेत. पहिली ही, की वैयक्तिक प्रकरणांमधील चुका हुडकणे हे साधन असून व्यवस्थेची परीक्षा हे साध्य आहे. दुसरी ही, की लेखापरीक्षक स्वतः शुल्क ठरवत नाही. कायद्याने सीमाशुल्क अधिकाऱ्याला दिलेला निर्णयाधिकार त्याने स्वतःकडे घ्यायचा नसतो, तर चूक आणि फसवणूक यांपासून महसुलाचे रक्षण करण्यास विभागाची यंत्रणा पुरेशी आहे की नाही हे पाहायचे असते.

आकारणीत चूक नेमकी कोठे शिरते हे समजण्यासाठी आयातीच्या वेळी शुल्क कसे मोजले जाते ते पाहावे लागते. आयातदार किंवा त्याच्या वतीने कस्टम्स ब्रोकर, १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम ४६ नुसार बिल ऑफ एंट्री दाखल करतो. मालाचे वर्णन, वर्गीकरण, मूल्य, मूळ देश आणि मागितलेली सूट हे सारे त्या प्रपत्रात लिहिलेले असते. समजा, एखाद्या यंत्रभागाचे आकारणीयोग्य मूल्य १,००,००० रुपये आहे आणि त्यावर मूळ सीमाशुल्काचा दर १० टक्के आहे. तेव्हा मूळ शुल्क १०,००० रुपये, त्या शुल्कावर १० टक्के दराने समाजकल्याण अधिभार १,००० रुपये, आणि या सर्वांच्या १,११,००० रुपयांच्या बेरजेवर १८ टक्के दराने एकात्मिक वस्तू व सेवा कर १९,९८० रुपये, असे एकूण ३०,९८० रुपये होतात. तोच भाग ७.५ टक्के दराच्या शीर्षाखाली दाखवला, तर ही बेरीज २७,७३५ रुपयांवर येते आणि ३,२४५ रुपयांचा फरक पडतो. या फरकातले ४९५ रुपये एकात्मिक कराचे असून कारखानदार आयातदाराला त्यांची वजावट बहुतेक वेळा पुढे मिळते. उरलेले २,७५० रुपये मात्र सरकारचे निव्वळ नुकसान ठरतात. एका नगाच्या बाबतीत क्षुल्लक दिसणारी ही रक्कम हजारो नगांच्या आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या आयातीत कोट्यवधींच्या घरात जाऊ शकते, आणि तरीही बँकेचा भरणा व कार्यालयाची जमा यांच्यात एका रुपयाचीही तफावत निघत नाही.

वर्गीकरणातील चूक हा लेखापरीक्षणात वारंवार आढळणारा प्रकार आहे. १९७५ च्या सीमाशुल्क दरपत्रक अधिनियमाची अनुसूची जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या सुसंवादी वर्गीकरणावर आधारलेली आहे. जगभर समान असलेल्या सहा अंकांपुढे भारताने आणखी दोन अंक जोडले आहेत. कोणती वस्तू कोणत्या शीर्षात जाईल हे ठरवण्याचे सामान्य नियम आणि प्रत्येक विभागाच्या व प्रकरणाच्या टिपा या अनुसूचीचाच भाग आहेत, आणि वाद बहुधा या टिपांवरच उभे राहतात. उदाहरणार्थ, एखाद्या विशिष्ट यंत्रासाठीच बनवलेला व्हॉल्व्ह आयातदार ‘यंत्राचा भाग’ म्हणून दाखवतो आणि त्या यंत्राला असलेला कमी दर मागतो; परंतु सोळाव्या विभागाच्या दुसऱ्या टिपेनुसार जी वस्तू चौऱ्याऐंशी किंवा पंच्याऐंशी या प्रकरणांत स्वतःचे शीर्ष राखून आहे, ती कोणत्याही यंत्रात बसणार असली तरी त्या स्वतःच्या शीर्षातच जाते. व्हॉल्व्हचे शीर्ष ८४८१, बेअरिंगचे ८४८२. ही टीप ज्याच्या नजरेसमोर आहे तो लेखापरीक्षक संगणकातील नोंदी शीर्षवार गाळून घेतो आणि जेथे वर्णनात ‘व्हॉल्व्ह’ हा शब्द आहे पण शीर्ष मात्र वेगळे आहे, अशा नोंदी वेगळ्या काढतो.

मूल्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १४ नुसार खरेदीदार व विक्रेता परस्परसंबंधित नसताना आणि किंमत हाच व्यवहाराचा एकमेव मोबदला असताना प्रत्यक्ष दिलेली किंवा देय असलेली किंमत हे मूल्य धरले जाते, आणि २००७ च्या मूल्यनिर्धारण नियमांप्रमाणे त्यात कमिशन, विक्रीची अट म्हणून द्यावे लागणारे स्वामित्वशुल्क, वाहतूक व विमा यांची भर घालावी लागते. वाहतूक खर्च समजत नसेल तर जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या २० टक्के आणि विमाखर्च समजत नसेल तर १.१२५ टक्के धरावेत, असा नियम आहे. माल उतरवण्याच्या खर्चापोटी पूर्वी १ टक्का जोडला जाई. सप्टेंबर २०१७ च्या दुरुस्तीने ती भर बंद झाली. दर बदलला की कोणत्या तारखेचा दर लागू, हे कलम १५ सांगते. तपासणीचा हा भाग वरवर यांत्रिक वाटतो, परंतु परदेशी मूळ कंपनीकडून तिच्या भारतीय उपकंपनीला माल येतो तेव्हा बिलावरची किंमत दोघांच्या नात्याने वाकलेली आहे की नाही, किंवा वर्षअखेरीस वेगळ्या करारानुसार पाठवलेले स्वामित्वशुल्क त्याच मालाच्या किमतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायला बिल ऑफ एंट्री पुरत नाही. त्यासाठी करार आणि ताळेबंद वाचावे लागतात.

तिसरे क्षेत्र सवलतींचे आहे आणि महसूल सर्वाधिक निसटण्याची शक्यता कदाचित येथेच आहे, कारण सवलत आयातीच्या दिवशी मिळते पण तिची अट पुढे कित्येक वर्षांनी पूर्ण व्हायची असते. भांडवली वस्तूंच्या आयातीवर शुल्क माफ करणाऱ्या निर्यात प्रोत्साहन योजनेत कारखानदाराला वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. परवाना विदेश व्यापार महासंचालनालय देते. बंधपत्र व बँक हमी सीमाशुल्क कार्यालयात राहते. निर्यात झाली की नाही हे पहिल्या कार्यालयाला कळते आणि ती न झाल्यास शुल्क व व्याज वसूल करण्याचे काम दुसऱ्याकडे असते. या दोन दप्तरांमध्ये नियमित देवाणघेवाण नसेल, तर मुदत संपलेली बंधपत्रे कपाटात तशीच पडून राहतात. लेखापरीक्षक दोन्हीकडच्या नोंदी शेजारी ठेवतो तेव्हाच ही दरी उघड होते. दुसऱ्या देशाशी झालेल्या मुक्त व्यापार कराराखालील सवलतीबाबत २०२० मध्ये कलम २८डीए घालून मालाच्या मूळ देशाविषयीची माहिती बाळगण्याची जबाबदारी आयातदारावर टाकली गेली, त्यामुळे केवळ परदेशी यंत्रणेचे प्रमाणपत्र जोडलेले आहे एवढ्यावर तपासणी थांबत नाही.

हिशेबाच्या तपासणीची बाजू यापुढे सोपी वाटली तरी तिला घटनात्मक महत्त्व आहे. आयातदाराने भरलेली रक्कम बँकेतून रिझर्व्ह बँकेत आणि बँकेच्या भरणा-यादीवरून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या वेतन व लेखा कार्यालयाच्या वहीत ‘००३७ सीमाशुल्क’ या मुख्य लेखाशीर्षाखाली जाते. सीमाशुल्क कार्यालय, बँक आणि लेखा कार्यालय यांचे आकडे दर महिन्याला जुळले पाहिजेत. परतावे आणि निर्यातीवर मिळणारा ड्रॉबॅक ही जाणारी रक्कम असल्याने तेथे बनावट किंवा दुबार दाव्याचा धोका असतो. कोणती रक्कम कोणत्या शीर्षाखाली पडते, यालाही अर्थ आहे: मूळ सीमाशुल्क राज्यांबरोबर वाटून घ्यायच्या करांमध्ये येते, तर अधिभार व उपकर अनुच्छेद २७० नुसार त्या वाटपातून वगळलेले असतात, म्हणजे नोंद चुकली तर महाराष्ट्रासह प्रत्येक राज्याच्या वाट्यावर परिणाम होऊ शकतो. करांचे निव्वळ उत्पन्न किती हे महालेखापरीक्षकाने प्रमाणित करावे आणि त्याचे प्रमाणपत्र अंतिम मानावे, असे अनुच्छेद २७९ सांगतो. १९७१ च्या अधिनियमाच्या कलम १६ मधील ‘योग्य वाटप’ या शब्दांमागे ही जबाबदारी उभी आहे.

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधील न्यू कस्टम हाउस, रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू कस्टम हाउस किंवा सहारचे एअर कार्गो संकुल अशा कार्यालयांत लेखापरीक्षण पथक जाते, तेव्हा त्याला सगळी प्रकरणे तपासता येत नाहीत. ते जोखीम पाहून नमुना निवडते. शंका आली की प्रथम अर्धसमास पत्र दिले जाते, म्हणजे कागदाच्या एका अर्ध्यात आक्षेप लिहून दुसरा अर्धा उत्तरासाठी मोकळा ठेवलेले ज्ञापन. समाधानकारक खुलासा आला तर विषय तेथेच संपतो; न आल्यास आक्षेप स्थानिक तपासणी अहवालात जातो, आणि रक्कम किंवा तत्त्वाचा प्रश्न मोठा असेल तर मसुदा परिच्छेद बनून महसूल विभागाकडे उत्तरासाठी पाठवला जातो. त्यातून छाननी होऊन उरलेले परिच्छेद महालेखापरीक्षकाच्या अहवालात येतात. अहवाल अनुच्छेद १५१ प्रमाणे राष्ट्रपतींना सादर होऊन संसदेपुढे ठेवला जातो आणि लोकलेखा समितीकडे जातो. लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असलेल्या या समितीचे अध्यक्षपद १९६७ पासून संकेताने विरोधी पक्षाकडे असते.

या प्रवासात सर्वांत कमी चर्चिला जाणारा टप्पा म्हणजे आक्षेप आणि वसुली यांच्यामधला. लेखापरीक्षक आयातदाराकडे पैसे मागू शकत नाही. मागणीची नोटीस कलम २८ खाली सक्षम सीमाशुल्क अधिकाऱ्यानेच काढायची असते आणि निर्णयही सुनावणीनंतर विभागाच्या अधिकाऱ्यानेच द्यायचा असतो. हा सक्षम अधिकारी कोण, यावर महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात झालेल्या कॅनन इंडिया प्रकरणाचा २०२१ चा निकाल २०२४ मध्ये पुनर्विलोकनात फिरवला गेला, यावरून कलम २८ मधील अधिकाराचे स्वरूप किती काटेकोरपणे पाहिले जाते हे लक्षात येते. आयकराच्या क्षेत्रात १९७९ मध्ये इंडियन अँड ईस्टर्न न्यूजपेपर सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कायद्याच्या अर्थाविषयी लेखापरीक्षण पथकाने व्यक्त केलेले मत हा आकारणी पुन्हा उघडण्याचा आधार होऊ शकत नाही. लेखापरीक्षक कायद्याकडे लक्ष वेधू शकतो, पण त्याचा अर्थ लावून निर्णय करणे हे आकारणी अधिकाऱ्याचे काम आहे. सीमाशुल्काचा कायदा निराळा असला तरी या निकालामागचा विचार येथेही तितकाच मार्गदर्शक आहे.

विभागाला आक्षेप मान्य नसेल तर काय करायचे, याचे जुने उत्तर महसुलाला सुरक्षित वाटणारे पण आयातदाराला जाचक होते. आक्षेपाविरुद्ध पत्रव्यवहार चालू ठेवायचा, आणि त्याच वेळी मुदत टळू नये म्हणून आयातदाराला संरक्षणात्मक नोटीसही काढायची. मग ती नोटीस ‘कॉल बुक’ नावाच्या नोंदवहीत टाकून वाद मिटेपर्यंत निर्णयाविना ठेवायची, अशी प्रथा होती. अशा रीतीने ज्या मागणीवर खुद्द विभागाचाच विश्वास नाही, ती व्यापाऱ्याच्या डोक्यावर वर्षानुवर्षे टांगलेली राही. २०१८ च्या दुरुस्तीने नोटीस निकाली काढण्याच्या मुदतीला धार दिली आणि ती थांबवण्याची कारणे कायद्यातच नमूद केली. त्यांत लेखापरीक्षणाचा वादग्रस्त आक्षेप हे कारण स्वतंत्रपणे नाही. हा बदल योग्यच म्हटला पाहिजे, कारण दोन सरकारी कार्यालयांच्या मतभेदाचे ओझे तिसऱ्या पक्षाने वाहावे याला कोणताही न्याय्य आधार नव्हता.

मुदतीचा प्रश्न याहून खोल आहे. कलम २८ खाली सर्वसाधारण मागणी २०१६ पासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. संगनमत, हेतुपुरस्सर खोटे विधान किंवा माहिती दडवणे सिद्ध होत असेल तरच ती मर्यादा पाच वर्षांची होते. आयातदाराने मालाचे खरे वर्णन देऊन केवळ सवलतीवर किंवा शीर्षावर आपला दावा सांगितला असेल, तर तो दावा पुढे चुकीचा ठरला तरी त्याला खोटे विधान म्हणता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये नॉर्दर्न प्लास्टिक प्रकरणात स्पष्ट केले. याचा परिणाम असा होतो, की ज्या चुका प्रामाणिक मतभेदातून झाल्या त्यांच्यावर लेखापरीक्षण दोन वर्षांनंतर पोहोचले, तर आक्षेप शंभर टक्के बरोबर असूनही वसुली होत नाही. म्हणून तपासणी कधी होते, हे ती किती सखोल होते याइतकेच महत्त्वाचे आहे.

२०११ मध्ये स्वयं-आकारणी आल्यापासून तपासणीचा सारा तोल बदलला. पूर्वी अप्रेझर बिल तपासून शुल्क ठरवी आणि लेखापरीक्षक त्या निर्णयाचे परीक्षण करी. आता शुल्क आयातदार स्वतः ठरवतो, आणि २००५ पासून चालू असलेली संगणकीय जोखीम व्यवस्थापन प्रणाली ज्या बिलांना धोकादायक मानत नाही, ती कोणत्याही अधिकाऱ्याच्या नजरेखालून न जाताच निकासाला पोहोचतात. स्वयं-आकारणी हीदेखील आकारणीच आहे आणि ती बदलून घेतल्याशिवाय परतावा मागता येत नाही, असे २०१९ मध्ये आयटीसी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. अशा व्यवस्थेत विभागाचे स्वतःचे निकासोत्तर लेखापरीक्षण, ज्याला २०१८ मध्ये कलम ९९ए द्वारे कायदेशीर पाया मिळाला आणि जे आयातदाराच्या कार्यालयात जाऊनही करता येते, हाच पहिला बांध ठरतो. महालेखापरीक्षकाचे पथक त्यामुळे एकेका बिलापेक्षा या बांधाची तपासणी अधिक करते: जोखीम प्रणालीचे निकष अधिसूचना बदलल्याबरोबर बदलले जातात काय, दराच्या संगणकीय सूचीत जुना दर राहून गेला आहे काय, ज्या आयातदाराच्या मालात आधी दोष सापडले त्याची बिले तरीही विनातपासणी सुटतात काय.

२०२० मध्ये चेहराविरहित आकारणी सुरू झाली, तेव्हापासून न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचे बिल दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. यामुळे एकाच वस्तूला दोन बंदरांवर दोन वेगळे दर लागण्याची जुनी तक्रार कमी होण्याची शक्यता निर्माण झाली आहे, पण आक्षेपाचे उत्तर देणारे कार्यालय आणि आकारणी करणारा अधिकारी वेगवेगळ्या ठिकाणी बसू लागल्याने जबाबदारी निश्चित करणेही अवघड झाले आहे. त्याची भरपाई काही अंशी संगणकातील नोंदीने होते: अधिकाऱ्याने विचारलेली शंका, आयातदाराचे उत्तर, जोडलेला कागद आणि अंतिम निर्णय हे सारे तारीख-वेळेसह त्या बिलापाशीच साठवलेले असते, आणि कागदी फायलीतल्या पुसट शेऱ्यांवरून तर्क करण्याऐवजी लेखापरीक्षकाला निर्णय कोणत्या माहितीवर घेतला गेला हे प्रत्यक्ष वाचता येते.